माणसं ५८ आणि एफटीई ६१.९५, असं कसं?

या वेळी एचआर सॉफ्टवेअरवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकात घेते. जळगाव, धुळे, भुसावळ, चोपडा, शिरपूर, नंदुरबार, सगळीकडून पत्रं आहेत आणि जो तो त्या एफटीईच्या कॉलमवर अडकलाय. ज्यांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला त्यांच्यासाठी आधी सांगते: एफटीई म्हणजे फुल टाइम इक्विव्हॅलंट. एखादा माणूस फुल टाइमच्या मानाने किती वेळ कामाला आहे त्याचा आकडा. त्याचे ठरलेले तास वर घ्यायचे, तिथले फुल टाइमचे तास खाली घ्यायचे आणि भागायचं. फुल टाइमवाला १, अर्धा दिवसवाला ०.५. गणित चौथीतल्या पोराला जमेल असं आहे, घोळ होतो तो खालचा आकडा कुठला घ्यायचा यात.

प्रश्न: ताई, नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमची चटईची फॅक्टरी आहे, पगाराचं काम मी बघतो. मशीनवर ४० जण, रोज ८ तास, सहा दिवस. पॅकिंगला १२ बाया, १० ते २, त्या पण सहा दिवस. ऑफिसात आम्ही ६ जण, १० ते ६, मधे अर्धा तास जेवण. झाले ५८. नवीन सॉफ्टवेअर एकूण एफटीई दाखवतं ६१.९५. शेठ म्हणतात माणसांपेक्षा जास्त माणसं आली कुठून? सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर तो म्हणतो डेटा चुकीचा भरला असेल. पुन्हा पुन्हा तपासला, बरोबर आहे. काहीच समजून नाही राहिलं.
— अकाउंटंट, जळगाव

उत्तर: भाऊ, डेटा तुमचा बरोबरच आहे, सॉफ्टवेअरमधली सेटिंग तुमच्या फॅक्टरीची नाहीये. तुमच्या आकड्यांवरून मागे जाऊन बघितलं तर लगेच कळतं. मशीनवाल्यांचे आठवड्याचे तास ४८. त्यांना ४० ने भागलं की प्रत्येकी १.२, चाळीस जणांचे ४८. पॅकिंगच्या ताईंचे २४ तास, भागिले ४० म्हणजे ०.६, बारा जणींचे ७.२. ऑफिसचे रोजचे साडेसात म्हणजे आठवड्याचे ४५, भागिले ४० म्हणजे १.१२५, सहा जणांचे ६.७५. करा बेरीज, ६१.९५ बरोब्बर येतात. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फुल टाइम म्हणून ४० तास बसलेत. बरीच सॉफ्टवेअरं पाच दिवसांचा आठवडा, रोज ८ तास असं धरून येतात आणि इन्स्टॉल करणारा माणूस ते बदलायचं विसरून जातो. आपल्याकडे राज्य सरकारच्या ऑफिसात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तिथे ते ४० चालेल, पण कारखान्यात १९४८च्या फॅक्टरी कायद्यापासून आठवड्याला ४८ तासांचा हिशोब चालत आलाय.

आता घाईघाईत ४० काढून सगळीकडे ४८ टाकू नका. तसं केलं की ऑफिसातले तुम्ही सहा जण ४५ भागिले ४८ म्हणजे ०.९४ होऊन बसाल, आणि उद्या कुणी त्या आकड्यावर पगार प्रो-राटा, म्हणजे त्या प्रमाणात कमी, केला तर तुमचेच पैसे कापले जातील, तुम्ही तर पूर्ण वेळ कामाला आहात. ऑफिससाठी फुल टाइम म्हणजे ४५, मशीन आणि पॅकिंगसाठी फुल टाइम म्हणजे ४८. दोन वेगळी वर्क शेड्यूल बनवा आणि ज्याला त्याला आपापलं लावा. मग मशीनचे ४०, पॅकिंगचे १२ गुणिले ०.५ म्हणजे ६, ऑफिसचे ६, एकूण ५२. जेवणाची सुट्टी तासात धरायची नाही, पण एकदा नाही म्हटलं की वर पण नाही आणि खाली पण नाही. मी बघते ना, हजेरीत सुट्टीसकट तास येतात आणि सेटिंगमध्ये सुट्टी वगळून असतात, मग आकडा एकच्या वर जातो आणि लोक बायोमेट्रिक मशीनला नावं ठेवतात.

सेटिंग कुठे सापडेल ते सॉफ्टवेअरवर आहे. कुठे स्टँडर्ड अवर्स म्हणतात, कुठे शिफ्ट मास्टरमध्ये असतं, वर्कडे नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट वीकली अवर्स आणि शेड्यूल्ड वीकली अवर्स अशी दोन घरं असतात, पहिलं खाली जातं, दुसरं वर. आणि अजून एक, सेटिंग बदलली म्हणजे जुने आकडे आपोआप बदलतीलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी एफटीई प्रत्येकाच्या रेकॉर्डमध्ये सेव्ह होऊन बसलेला असतो. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की सगळ्यांचं रिकॅल्क्युलेशन चालव, आणि इफेक्टिव्ह डेट, म्हणजे बदल लागू व्हायची तारीख, ज्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू केलं तीच टाक, नाहीतर मागच्या महिन्यांच्या रिपोर्टमध्ये ६१.९५ तसाच राहील आणि वर्षाच्या शेवटी शेठ परत विचारतील.

प्रश्न: ताई, मी भुसावळला एका हॉस्पिटलात रिसेप्शनला आहे, रोज ४ तास, सहा दिवस. फुल टाइमवाल्या ८ तास असतात. सॉफ्टवेअरमध्ये माझ्या नावापुढे ०.५ लिहिलंय. फुल टाइमला वर्षाला २० रजा आहेत तर मला १० दिल्या. वरून सांगितलं की तू अर्धीच आहेस, सगळं अर्धं मिळणार. पीएफचं पण असंच का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर: ताई, सगळ्यात आधी हे डोक्यातून काढून टाका. ०.५ हा तुमच्या वेळेचा आकडा आहे, तुमचा नाही. तुम्ही एक अख्ख्या कर्मचारी आहात. ज्याने तुम्हाला "अर्धी" म्हटलं त्याला एफटीई कळलेलाच नाही, आणि हे बोलणं ऐकून मला मनापासून वाईट वाटलं म्हणून तुमचं उत्तर जरा मोठं देते.

रजेचा हिशोब नीट बघू. फुल टाइमवालीला २० रजा, तिचा दिवस ८ तासांचा, म्हणजे तिला वर्षाला १६० तासांची पगारी सुट्टी मिळते. तुम्ही अर्धा वेळ, म्हणजे तुम्हाला ८० तास मिळायला पाहिजेत, इथपर्यंत अर्धं बरोबर आहे. पण तुमचा एक दिवस ४ तासांचा. ८० तास भागिले ४ म्हणजे २० दिवस! तुम्ही रोज येता म्हणून तुमच्या रजा दिवसात मोजल्या तर २० च व्हायला पाहिजेत, फक्त प्रत्येक रजा ४ तासांची. त्यांनी काय केलं, २० ला ०.५ ने गुणून १० दिवस दिले आणि ते दिवस परत ४ तासांचेच, म्हणजे ४० तास. दोनदा अर्धं केलं, हातात आला चौथा हिस्सा. तुमच्याकडे कुणी आठवड्यात तीनच दिवस पण पूर्ण ८ तास येत असेल तर तिचा एफटीई पण ०.५ च येतो, तिला १० रजा बरोबर आहेत कारण तिचा दिवस ८ तासांचा, १० गुणिले ८ म्हणजे ८० तास. दोघींचा एफटीई सारखा, पण रजेचे दिवस वेगळे. म्हणून तर मी म्हणते की रजा एफटीईने गुणायच्या असतील तर तासात गुणा. सॉफ्टवेअरमध्ये लीव्ह पॉलिसीचं युनिट "डेज" ऐवजी "अवर्स" करता येतं, निदान ज्या बायका अर्धा दिवस येतात त्यांच्यापुरतं तरी करावं. हा परिच्छेद एचआरला दाखवा, मुद्दाम आकड्यांसकट लिहिलाय.

पीएफचं विचारलंत. पार्ट टाइम म्हणून पीएफ किंवा ईएसआयसीतून (कामगार विम्यातून) कुणी वगळलं जात नाही. हॉस्पिटलला पीएफ लागू असेल तर तुम्हालाही लागू, आणि तो तुमच्या स्वतःच्या पगारावर निघतो, त्याला परत ०.५ ने गुणायचं नाही. मॅटर्निटी लीव्ह पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे आहे, पार्ट टाइमवालीला पण २६ च, कुणी १३ सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न: आमचं धुळ्याला कापडाचं मोठं दुकान आणि गोडाऊन मिळून २२ माणसं आहेत, त्यातले ९ पार्ट टाइम. एफटीई काढला तर १७.५ येतो. म्हणजे आम्ही वीसच्या आत आहोत, पीएफ लागू नाही असं सीएच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो. बरोबर आहे का?
— दुकानदार, धुळे

उत्तर: नाही दादा, अजिबात नाही, आणि यावर विसंबून राहू नका. पीएफसाठी २०, ईएसआयसी आणि ग्रॅच्युइटीसाठी १०, लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती नेमायला १०, पाळणाघरासाठी ५०, हे सगळे आकडे माणसांचे आहेत. दोन तास येणारा पण एक आणि दहा तास थांबणारा पण एक. पीएफला तर ठेकेदाराकडून आलेली माणसं पण मोजतात, गोडाऊनला हमाल ठेकेदाराचे असतील तर ते पण बघा. आणि एकदा पीएफ लागू झाला की नंतर माणसं वीसच्या खाली आली म्हणून तो सुटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये हेडकाउंट नावाचा वेगळा रिपोर्ट असतो, कायद्याचं काही विचारायचं असेल तर फक्त तोच काढा. १७.५ चा उपयोग तुम्हाला दुसरीकडे आहे, दिवाळीच्या गर्दीत काउंटरवर किती हात कमी पडतात ते ठरवायला. उद्याच पीएफच्या नोंदणीचं काम हातात घ्या, जितका उशीर तितकं व्याज आणि दंड वाढतो.

प्रश्न: मॅडम, आम्ही चोपडा तालुक्यातल्या एका सीनियर कॉलेजच्या ऑफिसातून लिहितोय. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आठवड्याला ८ तास घेतात. एका रिपोर्टमध्ये त्यांचा एफटीई ०.२ गेला, दुसऱ्यात ०.५. प्राचार्य विचारतात खरा कुठला?
— कार्यालयीन कर्मचारी

उत्तर: दोन्ही रिपोर्ट करणाऱ्यांनी वेगवेगळ्या आकड्याने भागलंय. यूजीसीच्या २०१८च्या नियमात पूर्ण वेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा आहे, त्यात प्रत्यक्ष शिकवायचे तास असिस्टंट प्रोफेसरला १६ आणि असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसरला १४. एकाने ८ भागिले ४० केलं, दुसऱ्याने ८ भागिले १६. आता विचार करा, ४० तासात तयारी, परीक्षा, पेपर तपासणं, ऑफिसचं काम सगळं येतं आणि तासिकावाल्यांचे ८ तास म्हणजे नुसते वर्गातले. वर्गातल्या तासांना वर्गातल्याच तासांनी भागायला पाहिजे, म्हणून ०.५ बरोबर. ०.२ लिहिलं तर तो माणूस कागदावर आहे त्याच्या निम्म्याहूनही कमी दिसतो, आणि अशी आठ-दहा माणसं असली की विभागात शिकवायला कुणी नाहीच असं चित्र उभं राहतं, हा त्या शिक्षकांवर अन्याय आहे. तुमची तासिका ६० मिनिटांची नसेल तर वर आणि खाली माप एकच ठेवा, दोन्हीकडे तासिका नाहीतर दोन्हीकडे घड्याळी तास. तोच प्राध्यापक दुसऱ्या कॉलेजात पण शिकवत असेल तर ते तास तुमच्या रिपोर्टमध्ये आणू नका. हां, आणि तोच माणूस तुमच्याच संस्थेत होस्टेलचं पण काम बघत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये त्याची दोन असाइनमेंट, म्हणजे कामाच्या दोन नोंदी, होतात, एफटीई दोन्हीचे मिळवायचे पण माणूस एकच मोजायचा. त्यासाठी एका असाइनमेंटला प्रायमरी मार्क करावं लागतं, ते केलं नाही की हेडकाउंट फुगतो.

प्रश्न: ताई, आमचं जिनिंग आहे, जामनेर रोडला. सीझन पाच महिने, ६० मजूर, आठवड्याला ४८ तास आणि वर साधारण ८ तास ओव्हरटाइम. जानेवारीच्या रिपोर्टमध्ये एफटीई ६० येतो, जूनमध्ये ०, आणि बँकेने वर्षाचा मागितला तर सॉफ्टवेअर २५ देतं. बँकवाल्याला काय सांगू? ओव्हरटाइम कुठे गेला?
— जिनिंग चालवणारा एक वाचक

उत्तर: तिन्ही आकडे बरोबर आहेत भाऊ. पहिले दोन त्या त्या दिवशीचे आहेत आणि २५ हा वर्षाचा सरासरी, ६० गुणिले ५ भागिले १२. बँकेला पत्र देताना नुसता आकडा देऊ नका, "१५ जानेवारी रोजी ६०, वर्षाची सरासरी २५" असं तारखेसकट लिहा, कापसाचा सीझन कसा असतो हे आपल्याला माहीत आहे, मुंबईत बसून फाइल बघणाऱ्याला नाही. मजूर महिन्याच्या मधे लागले तरी असंच, तीस दिवसांच्या महिन्यात १६ तारखेला आलेला माणूस त्या महिन्याच्या सरासरीत ०.५ आणि ३० तारखेला बघितलं तर १.

ओव्हरटाइम एफटीईत धरत नाहीत, कारण एफटीई ठरलेल्या तासांवर निघतो. ४८ तासवाल्याने ५६ तास काम केलं तरी तो १ च. सॉफ्टवेअरने १.१७ दाखवलं तर कुणीतरी हजेरीचे तास शेड्यूलच्या जागी जोडलेत, ते काढायला लावा. पण म्हणून ओव्हरटाइम विसरून जाऊ नका, उलट त्याचाच हिशोब तुम्ही बसून करावा असं मला वाटतं. ६० मजूर, प्रत्येकी ८ तास, आठवड्याला ४८० तास. भागिले ४८ म्हणजे १०. तुमच्याकडे दहा माणसांचं काम ओव्हरटाइमवर चाललंय, आणि फॅक्टरीत ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो म्हणजे मजुरी वीस माणसांची जातेय. आणखी दहा मजूर घेतले तर रोजचे तास पण आवाक्यात राहतील, रात्री उशिरा दमलेल्या माणसाचा हात मशीनजवळ जाणार नाही. जिनिंगमध्ये हात गेलेली माणसं आपल्या भागात प्रत्येकाने बघितली आहेत, म्हणून हे पैशाच्या आधी त्यासाठी करा.

प्रश्न: मी शिरपूरहून घरी बसून एका अमेरिकन क्लायंटचं पेरोल सपोर्टचं काम करते. ते वर्षाचे २,०८० तास म्हणजे एक एफटीई धरतात. आपल्याकडच्या हिशोबाशी हे जुळतच नाही.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर: जुळणार नाही ताई, जुळवायचं पण नाही. त्यांचे ४० तास गुणिले ५२ आठवडे म्हणजे २,०८०, आपल्या ४८ तासवाल्या फॅक्टरीचे ४८ गुणिले ५२ म्हणजे २,४९६. इंडियाचा माणूस इंडियाच्या तासांनी भागा, तिथला तिथल्या, मग बेरीज करा. आणि एक सावधगिरी, तिथे एफटीईला कायद्यात पण जागा आहे. त्यांच्या अफोर्डेबल केअर ॲक्टमध्ये (एसीए, आरोग्य विम्याचा कायदा) सरासरी आठवड्याला ३० तास केले की माणूस फुल टाइम, आणि पार्ट टाइमवाल्यांचे महिन्याचे तास एकत्र करून १२० ने भागतात, तो आकडा फुल टाइमवाल्यांत मिळवला की कंपनी ५० किंवा त्याच्या वर जाते की खाली राहते ते ठरतं. तेव्हा क्लायंटने एफटीई मागितला की आधी विचारा, बजेटसाठी पाहिजे की एसीएसाठी. दोन्ही उत्तरं वेगळी येतात.

प्रश्न: नंदुरबारला मिरचीच्या फर्ममध्ये आहे. आमच्याकडे सॉफ्टवेअर नाही, एक्सेलच आहे. ९ पार्ट टाइमवाले रोज साडेचार तास, सहा दिवस. एकाच्या आठवड्याची बेरीज केली तर एक्सेल ३ तास दाखवतं!
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर: बेरीज २७ तासच झालीय, एक्सेल २४ तास झाले की नवा दिवस धरतं आणि उरलेले ३ दाखवतं. सेलच्या फॉरमॅटमध्ये जाऊन तासाचं जे एच अक्षर असतं त्याला चौकटी कंस करा, २७:०० दिसेल. पण लगेच ४८ ने भागू नका, कारण एक्सेल आतमध्ये तो आकडा दिवसात ठेवतं, २७ तास म्हणजे त्याच्या हिशोबाने १.१२५ दिवस. आधी २४ ने गुणा, मग ४८ ने भागा, ०.५६२५ येईल. कंटाळून काही जण ४.३० असं टाइप करतात, ते करू नका, साडेचार म्हणजे ४.५. ४.३० ने सहा दिवसांचे २५.८ होतात, प्रत्येकाचा सव्वा तासाच्या आसपास गायब. आणि ०.५६२५ ला लगेच ०.५६ करू नका, नऊ जणांची बेरीज ५.०६२५ आली पाहिजे, आधीच गोल केलं तर ५.०४ येते. चारही अंक ठेवा, छापताना शेवटच्या बेरजेला दोन ठेवा.